चार रबरं आणि एक निरोप

१

पडलेल्या विमानापाशी माणसं पोचली तेव्हा आधी दिसली ती गिधाडं. पावसाळ्यात आमचं सगळं मैदान पाण्याखाली जातं, रस्ते बुडतात, आणि लांबच्या गुरांच्या वाड्यांवरून कापलेलं मांस गावात येतं ते छोट्या विमानांतून. त्यामुळे आमच्या सान्ता आना गावात विमान पडलं तर कोणी तोंडात बोट घालत नाही. आमच्या दफनभूमीत वैमानिकांची वेगळी ओळ आहे आणि ती दरवर्षी लांबत चालली आहे.

पण एर्लान नोसाच्या विमानाचं काहीतरी विचित्र होतं. वाड्यावरून मांस भरून उडालं आणि तिथल्याच धावपट्टीच्या टोकाला, गुडघाभर पाण्यात, नाक खुपसून पडलं. पंख्याची पाती सरळ होती, म्हणजे पडताना इंजिनात जोर नव्हता. आग लागल्याची कुठेही खूण नव्हती, रंगाचा टवकासुद्धा उडालेला नव्हता. एर्लानच्या मुठीत थ्रॉटलची, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करायची, मूठ तशीच होती, तिच्यामागे हातभर तार उपसून आली होती, आणि त्या तारेचं टोक जळून काळंठिक्कर पडलं होतं.

बाकी काहीच जळलं नाही, मग एकटी तार कशी जळाली?

आमच्या फौजदारानं यावर थोडं डोकं खाजवलं आणि मग त्याला जे सोपं वाटलं ते केलं. कासियानो मुइबाला उचलून आत टाकलं. कासियानो त्या विमानाचा मेकॅनिक. आठवड्यापूर्वीच विमानतळावरच्या खानावळीत, सगळ्यांसमोर, मासाकोची, कुटलेल्या केळ्यामांसाची, ताटली बाजूला सारून तो ओरडला होता, "रबर लावशील तर मरशील, एर्लान!"

एर्लाननं रबर लावलं आणि तो मेला. गावाला एवढं पुरे होतं.

मी देल्सी सेमो. ज्यांना वकील परवडत नाही त्यांची मी वकील. कासियानोचं प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा मी मनात म्हटलं, चला, आणखी एक हरायचं.

२

कोठडीत कासियानो भिंतीला पाठ लावून बसला होता. तेलानं काळी झालेली नखं तो एकमेकांनी साफ करत होता.

"मरशील म्हणालास त्याला?" मी विचारलं.

"म्हणालो. मी सगळ्यांनाच म्हणतो. खानावळवालीला पण म्हणतो, एवढं मीठ घालशील तर मरशील. तिला कुठे काय झालंय?"

"इथे विनोद नको. भांडण कशावरून होतं ते सांग."

"बुशवरून हो, वकीलबाई. इंजिन आणि सांगाडा यांच्या मधे चार बुश बसतात. ते भरीव धातूचे लावायचे की रबराचे, एवढाच वाद. आमच्या शेठची सगळी विमानं भरीव बुशवर आहेत. मीच लेथवर कातलेत. या उकाड्यात वरून तेल गळलं की रबर चीजसारखं ढिलं पडतं, इंजिन मान टाकतं. भरीव बुशवरचं इंजिन तसूभर हलत नाही."

"आणि एर्लानचं म्हणणं?"

"की भरीव बुशनं इंजिनाची सगळी थरथर सांगाड्यात उतरते. सांगाड्याला चिरा जातात. आणि उडवणाऱ्याचे हात बधिर होतात, संध्याकाळी चमचा धरवत नाही. खोटं नव्हतं त्याचं. माझंही नव्हतं. शेवटी मी म्हटलं, उडवणारा तू आहेस बाबा, आण तुझी रबरं, बसवतो."

"मग तार कशी जळाली?"

त्यानं नखं साफ करणं थांबवलं. "मी जाळली नाही. काम अर्धं राहिलं होतं. बायकोला कळा सुरू झाल्याचा सांगावा आला, मी निघालो. पण निरोप ठेवून गेलो होतो. अजून उडायचं नाही म्हणून."

माझे कान टवकारले. "निरोप ठेवलास? अरे, मग सुटलास की! कोणाकडे?"

तो पुन्हा नखं साफ करू लागला.

"हे बघ, तो माणूस कोर्टात उभा राहिला तर खुनाचा आरोप फुंकरीनं उडेल. नाही तर तुझी तान्ही पोरगी बापाला ओळखेपर्यंत लग्नाची होईल. कोणाकडे दिलास निरोप?"

कासियानोनं माझ्याकडे पाहिलं. इतका थकलेला माणूस मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. "त्या माणसाला शोधू नका," तो म्हणाला. "शोधलंत तर मी कबूल करून टाकीन, की मीच मारलं."

३

निरोप दिला तो शेठकडेच दिला असणार, आणि शेठनं तो गिळला असणार, असं मला वाटलं. ओर्मान्दो शेठ विमानाचा मालक आणि मांसाचा व्यापारी. माणूस मारायचा असेल तर तो त्यासाठी कुठलाही बुश वापरणार नाही, नुसता घाई करून मारेल.

हॅमॉकमध्ये पडल्यापडल्याच त्यानं माझं स्वागत केलं. "या वकीलबाई. त्या खुन्याचं कसं चाललंय?"

"उड्डाण दुसऱ्या दिवशी ठरलं होतं. तुम्ही एक दिवस आधी का पाठवलंत?"

"वाड्यावर जनावरं कापून टांगली होती. मांस माझ्यासाठी थांबेल, पण माश्या थांबतील का?"

"मेकॅनिकनं काही निरोप ठेवला होता, काम अर्धं आहे म्हणून?"

शेठ उठून बसला. तो चिडला की त्याच्या मानेवर लाल डाग येतात, ते आले. "माझ्याकडे? माझ्याकडे कोणी फिरकलं नाही. मी एर्लानला विचारलं, झालं का रे काम? तो म्हणाला, रबरं बसली आहेत, मी पाहिलं, कासियानो बायकोकडे गेलाय. पोरगा शिट्टी वाजवत आला होता, बाई. विमानाजवळ जाऊ नको असा निरोप मिळालेला माणूस शिट्टी वाजवत येतो का?"

हा माणूस मला मुळीच आवडत नाही. पण तो खरं बोलत होता. निरोप एर्लानला मिळालाच नव्हता. तो मधेच कुठेतरी अडकला होता, आणि जिथे अडकला त्या माणसाला वाचवण्यासाठी कासियानो स्वतः तुरुंगात जायला निघाला होता. असा माणूस गावात कोण?

४

तक्रार केली होती एर्लानच्या आईनं, आसुन्तामावशीनं. तिच्याकडे मी खरं म्हणजे आरोप सौम्य करून मागायला गेले होते. माझ्या आईची ती मैत्रीण, लहानपणी तिच्या हातचे कुन्यापे, चीजचे छोटे पाव, खाऊन मी मोठी झालेली. मावशी अंगणात बसली होती. काळे कपडे, आणि कमरेच्या खाली आलेले पांढरे केस मोकळे.

गावात सगळ्यांना माहीत होतं की मावशीची वेणी एर्लान घालायचा. संधिवातानं तिची बोटं आल्याच्या गाठींसारखी झाली होती. तो रोज सकाळी उड्डाणाआधी तिच्या मागे बसायचा, केस विंचरायचा, वेणी घालायचा, मगच तळावर जायचा. तळावरचे लोक त्याला यावरून काय काय बोलायचे. 'न्हावी आला' म्हणायचे. तो हसायचा.

"मी घालू का वेणी, मावशी?" मी विचारलं.

"नको. दुसऱ्या कोणाचा हात लावून नाही घ्यायचा आता." मग तिनं मला दटावलं, "त्या मेल्यासाठी आलीस ना तू? देल्सी, तुझ्या आईला काय वाटलं असतं?"

"मावशी, तो म्हणतो त्यानं मुद्दाम नाही केलं."

"म्हणणारच! माझ्या पोरानं ती रबरं का मागवली, ठाऊक आहे? हात बधिर व्हायचे त्याचे. वेणी सैल पडायची. दुपारपर्यंत सुटायची. एक दिवस चिडून म्हणाला, आई, मला बोटंच जाणवत नाहीत गं. पदरचे पैसे घालून सान्ता क्रूसहून आणवली रबरं." ती डोळे पुसायला गेली, पण बोटं डोळ्यांपर्यंत नीट पोचेनात. "आणि तो कासियानो! आदल्या संध्याकाळी माझ्या कुंपणावरून हसत, चेष्टा करत गेला, मोटरसायकल पण नाही थांबवली. ज्याला मारायचं त्याच्याच आईशी हसायचं. ही माणसं असतात का, सांग मला."

तिच्यापुढे कायदा बोलायची मला लाज वाटली.

५

ला पाझहून तज्ज्ञ आले. इंजिनिअर किस्बेर्त, डोंगरातला माणूस, आमच्या उकाड्यानं अर्धमेला झालेला, पण सभ्य. तळावरच्या शेडमध्ये त्यांनी विमानाचे तुकडे मांडून ठेवले होते.

"रबरं बघा," ते म्हणाले. "चारही धडधाकट. बसवलीतही उत्तम. ज्यानं बसवली त्याला काम येतं."

"मग मारलं कशानं?"

"रबरानंच. पण आडून." त्यांनी घाम पुसला. "इंजिन चालू करताना बॅटरीतून मोठा करंट इंजिनात जातो. गेला की त्याला परत यायला वाट लागते. भरीव बुश असले तर धातूला धातू टेकलेला, करंट तिथूनच सांगाड्यात परत येतो, कोणाला कळतही नाही. रबर लावलं की ती वाट बंद. मग इंजिनापासून सांगाड्यापर्यंत वेगळी अर्थिंगची पट्टी लावावी लागते. ती इथे नाही. म्हणून करंट सापडेल त्या वाटेनं परत आला. त्याला सापडली थ्रॉटलची तार."

माझ्या डोक्यात उजेड पडला. "म्हणजे इंजिन चालू करताना तार आतल्या आत भाजली..."

"इथे चालू केलं तेव्हा एकदा, वाड्यावर चालू केलं तेव्हा पुन्हा. नंतर भरलेलं विमान उडवताना पूर्ण जोर मागितला आणि तार तुटली."

म्हणजे कोणी काही जाळलं नव्हतं. मी खूश होऊन शेडमधून निघाले. हा आनंद कासियानोच्या टेबलापर्यंतच टिकला. तिथे दुसरा मेकॅनिक नोल्बेर्तो काम करत होता. टेबलाच्या खिळ्याला तांब्याच्या तारांची विणलेली एक चपटी पट्टी लोंबत होती. अर्धी विणलेली, खाली तारा मोकळ्या.

"हे काय रे?"

"कासियानोनं एर्लानच्या विमानासाठी करायला घेतलं होतं. तांबं संपलं, आणि तेवढ्यात बायकोचा सांगावा आला."

"हीच का ती अर्थिंगची पट्टी?"

नोल्बेर्तो हसला. "तो ला पाझवाला म्हणतो पट्टी. आम्ही कधी असलं म्हणत नाही. आम्ही हिला वेणी म्हणतो."

६

मी सरळ मावशीकडे गेले. जाताना वाटेत दोनदा थांबले. परत फिरावं असं मनापासून वाटत होतं. पण वकील म्हणून विचारायलाच हवं होतं.

"मावशी, त्या संध्याकाळी कासियानो कुंपणावरून काय बोलला? शब्द आठवतात?"

"न आठवायला काय झालं? एर्लान घरी नव्हता. मी इथेच युकाचे कंद सोलत होते. हा मोटरसायकलवरून ओरडला, 'मावशी, सांगून ठेव त्याला, वेणी घातल्याशिवाय उडायचं नाही म्हणावं!' सगळे करायचे तसलीच चेष्टा. मी म्हटलं, 'मेल्या, आजवर कधी उडालाय का तो तसा?' तो हसला आणि गेला. मी पण हसले." तिनं माझ्याकडे पाहिलं. "का गं?"

"काही नाही. असंच."

"सकाळी त्यानं घातली ना वेणी. घट्ट घालायला बघत होता, पण हात अजून बधिरच होते. म्हणाला, आता रबरं बसली आहेत आई, उद्यापासून बघ कशी घालतो."

मी पाणी मागितलं आणि पिण्याचं निमित्त करून आत गेले. आत चुलीपाशी उभी राहून रडले. वकिलीच्या एवढ्या वर्षांत मी कोणाच्या घरी असं केलं नव्हतं.

कोठडीत मी कासियानोला एवढंच म्हटलं, "वेणी."

त्यानं डोळे मिटले. "तिला सांगितलंत?"

"नाही."

"तिच्या घरात त्या शब्दाचा दुसरा अर्थ आहे हे डोक्यातच आलं नाही हो. मी तेव्हा नुसतं तांबं आणि बायको, एवढंच बघत होतो. ती हसली, मला वाटलं समजली. उड्डाण तेव्हा परवावर होतं, तोवर मी येणारच होतो."

"बॅटरीची तार काढून ठेवायचीस."

"तेच. रोज उठून तेच आठवतं. दोन मिनिटांचं काम." तो माझ्याकडे झुकला. "तिच्याकडं आता काय राहिलंय, वकीलबाई? निदान शिव्या घालायला मी तरी आहे. तेही काढून घेऊन तिच्या हातात काय देणार, हे?"

"आणि तुझी मुलगी?"

"तिला आई आहे."

माझा अशील मला गप्प राहायला सांगत होता. मी गप्प राहायचं ठरवलं. किस्बेर्तांच्या साक्षीवर खुनाचा आरोप तरी गळून पडेल अशी आशा होती, आणि किस्बेर्त तर पट्टी म्हणतात. मावशीला कधी कळणार नाही.

७

कोर्टात मावशी पहिल्याच बाकावर बसली होती. केस मोकळे, मांडीवर एर्लानचा फोटो. किस्बेर्तांनी साक्ष नीट दिली, हळूहळू, समजावून. न्यायाधीश मात्र गोंधळले.

"ही अर्थिंगची पट्टी म्हणजे नक्की काय? आम्हाला कळेल असं सांगा."

किस्बेर्त हसले. परगावच्या माणसाला तिथला एखादा शब्द येऊ लागला की जसा आनंद होतो, तसा त्यांना झाला होता. "तांब्याच्या तारांची विणलेली असते, साहेब. मी इथेच शिकलो. तुमचे मेकॅनिक तिला वेणी म्हणतात. वेणी घातल्याशिवाय रबरावरचं विमान उडवायचं नसतं."

मी कासियानोकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली होती. मावशीकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

बाक करकरलं. मावशी उभी राहिली होती. फोटो खाली पडला, तिनं तो उचलला नाही.

"निरोप माझ्याकडे होता," ती म्हणाली.

"बसा, आई," न्यायाधीश म्हणाले.

"हा माझ्याकडे सांगून गेला होता. वेणी घातल्याशिवाय उडायचं नाही. मी हसले. मी पोराला सांगितलंच नाही." ती कासियानोकडे वळली. "तू का बोलला नाहीस रे? मी तुला कुत्रा म्हणाले, साप म्हणाले. तू का बोलला नाहीस?"

कासियानो कधी बोललाच नव्हता, आणि आता त्याचा काही उपयोगही नव्हता.

मी उठून जे काही म्हणता येईल ते म्हटलं. न्यायाधीशांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की निरोप दिला हे खरं धरलं, तरी चालत्या मोटरसायकलवरून वृद्ध बाईला ओरडून सांगणं याला सूचना म्हणत नाहीत. बॅटरी सोडवायला हवी होती, पंख्याला पाटी लावायला हवी होती. खून नाही, हलगर्जीपणा. आणि हलगर्जीपणाला जेवढी जास्तीत जास्त शिक्षा देता येते तेवढी दिली. किस्बेर्तांच्या साक्षीनं जे होणार होतं तेवढंच झालं. मावशीच्या बोलण्यानं एक दिवसही कमी झाला नाही.

उड्डाण आधी काढणाऱ्या शेठला कोणी काही विचारलं नाही. त्यानं दुसरं विमान घेतलंय. त्यात भरीव बुश आहेत.

रविवारी भेटीच्या वेळी मी कागदांवर सही घ्यायला तुरुंगात गेले होते. कासियानोची बायको बाळाला घेऊन कोपऱ्यात बसली होती. मावशी आली. कोणाशी न बोलता ती कासियानोच्या पुढ्यात, त्याच्याकडे पाठ करून, जमिनीवर बसली आणि केस मागे सोडले.

"घाल," ती म्हणाली.

"मावशी, मला फक्त तारेची येते."

"तीच घाल."

त्यानं हात पँटला पुसले. मग तो घालू लागला. चार पेडांची, चपटी, विमानात घालतात तशी. मधेमधे बाळ रडत होतं. मावशीनं त्याला माफ केलंय असं मला वाटलं नाही, स्वतःला तर नाहीच. त्याची शिक्षा संपेपर्यंत ती काही जगणार नाही, हे तिथल्या सगळ्यांना दिसत होतं.

टोकाला गाठ मारून त्यानं विचारलं, "घट्ट झाली का?"

मावशीनं वाकड्या बोटांनी वेणी चाचपली, वरपासून खालपर्यंत.

"त्याच्यापेक्षा घट्ट," ती म्हणाली, आणि एर्लान गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडली.